मत प्रत्येकाला एकच, मग विषमता जागची हलत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकशाहीत गरिबांची मतं श्रीमंतांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे जिथे निवडणुका नीट होतात तिथे विषमता आपोआप कमी व्हायला हवी. पण दक्षिण आफ्रिका, ब्राझील, अमेरिका बघितलं तर तसं दिसत नाही. मग लोकशाहीचा आणि सामाजिक विषमतेचा एकमेकांशी खरंच काही संबंध आहे का?

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या देशांच्या कुटुंब पाहण्यांच्या डेटावर काम करतोय, म्हणजे घरटी उत्पन्न किती, खर्च किती, कर किती गेला, सरकारी मदत किती आली हे सगळं ज्यात नोंदवलेलं असतं तो डेटा. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. फक्त तो 'लोकशाही आहे की नाही' अशा एका कॉलममध्ये शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. तो दिसतो दोन ठिकाणी. एक म्हणजे कोणाचं मत खरोखर मोजलं जातं, आणि दुसरं म्हणजे मोजलं गेल्यावर त्या मताला कशाकशाला हात लावता येतो.

तुमच्या प्रश्नामागे जो हिशोब आहे तो अर्थशास्त्रात जुना आहे, मेल्टझर आणि रिचर्ड या दोघांनी १९८१ मध्ये तो नीट मांडला. समजा दहा माणसं आहेत, नऊ जण १० कमावतात आणि एक जण ११० कमावतो. सरासरी निघते २०, पण रांगेत बरोबर मध्ये उभा असलेला माणूस कमावतो १०. आता सगळ्यांवर एकाच दराने कर लावला आणि जमा झालेले पैसे सारखे वाटले तर दहापैकी नऊ जणांचा फायदाच होतो, मग ते कर वाढवायला मत देणारच. म्हणजे विषमता जितकी जास्त तितकी वाटप करण्याची मागणी जास्त, आणि लोकशाहीत मागणी म्हणजे मत, म्हणून विषमता खाली यायला पाहिजे. कागदावर याच्यात चूक काढता येत नाही.

आता आकडे बघा. गिनी निर्देशांक सगळ्यांना माहीत असेलच, ० म्हणजे सगळ्यांना सारखं आणि १ म्हणजे सगळं एकाकडे. दक्षिण आफ्रिकेत पहिली सर्वांसाठी खुली निवडणूक झाली १९९४ मध्ये, आणि वीस वर्षांनी, २०१४ च्या आकड्यांनुसार, गिनी होता ०.६३, जगातल्या सगळ्यात वरच्या आकड्यांपैकी एक. अमेरिका ०.४ च्या आसपास. डेन्मार्क ०.२८ च्या आसपास, स्लोव्हाकिया त्याच्याही खाली. हे सगळे निवडणुका होणारे देश. चीनमध्ये बहुपक्षीय निवडणुका नाहीत, तिथे सरकारी आकड्यानुसारच २००८ मध्ये गिनी ०.४९ होता, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो ०.३ च्या जवळपास होता. म्हणजे लोकशाही देश दोन्ही टोकांना आहेत आणि हुकूमशाहीतही विषमता वाढते. अनेक देश आणि अनेक दशकं एकत्र घेऊन जे मोठे अभ्यास झाले त्यांतही असंच काहीसं निघालं, देश लोकशाही झाला की सरकारची करवसुली देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत वाढते हे बऱ्यापैकी पक्कं दिसतं, पण गिनी ठामपणे खाली येतो असं काही दिसत नाही. कर वाढतो पण दरी तशीच राहते. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी कोडं घालणारी गोष्ट हीच आहे.

पुढे जायच्या आधी मोजमापाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण निम्मे वाद तिथेच होतात. काही देश उत्पन्नाचा गिनी काढतात, काही खर्चाचा, आणि खर्चाचा सहसा कमी येतो कारण श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खर्च करत नाही, बचत करतो. त्यामुळे भारताचा खर्चाचा आकडा आणि ब्राझीलचा उत्पन्नाचा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा नसतो, आणि लोक हे सर्रास करतात. दुसरं म्हणजे खूप श्रीमंत घरं पाहणीवाल्याला दारच उघडत नाहीत, किंवा उघडलं तरी व्याज-डिव्हिडंड नीट सांगत नाहीत, म्हणून वरच्या एक टक्क्याचं चित्र पाहणीत पुसट येतं आणि प्राप्तिकराच्या नोंदी जोडल्या की तोच देश अचानक जास्त विषम दिसायला लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कर आणि सरकारी मदत यांच्या आधीचा गिनी वेगळा आणि नंतरचा वेगळा. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका या तिघांचा आधीचा गिनी ०.५ च्या जवळपासच येतो! नंतरचा बघा, जर्मनी-फ्रान्स ०.३ च्या आसपास उतरतात आणि अमेरिका ०.३९-०.४० वर थांबते. म्हणजे बाजार तिन्ही ठिकाणी साधारण सारखीच विषमता तयार करतोय, फरक पडतोय तो सरकार नंतर काय करतं त्याने, आणि सरकारने काय करायचं हे तर मतांनी ठरायला पाहिजे. म्हणून मी नेहमी म्हणतो की नुसता एक गिनी दाखवून मला कोणी काही सिद्ध करायला आलं तर मी आधी विचारणार की हा आधीचा की नंतरचा.

आता मुख्य मुद्दा. कोणाचं मत मोजलं जातं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्राझीलचं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवतो. ब्राझीलमध्ये ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना १९८५ पर्यंत मतदानाचा हक्कच नव्हता. १९८५ ला मिळाला, १९८८ ला नवीन राज्यघटना आली, कागदावर देश पूर्ण लोकशाही झाला. पण मतपत्रिका कशी होती तर लोकप्रतिनिधी निवडताना उमेदवाराचं नाव किंवा त्याचा नंबर मतदाराने स्वतः लिहायचा. नुकताच हक्क मिळालेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाने ते करायचं कसं? तो रांगेत उभा राहायचा, आत जायचा, काहीतरी खरडायचा किंवा कोरी पत्रिका टाकायचा, आणि मोजणीच्या टेबलावर त्याचं मत बाद व्हायचं. आकडेवारीत तो माणूस 'मतदान केलं' या रकान्यात आहे, मतदानाची टक्केवारी उत्तम दिसतेय, पण निकालात तो नाहीच.

मग मतदान यंत्रं आली. सगळ्यांना पुरेल एवढी यंत्रं एकदम मिळाली नव्हती, म्हणून १९९८ च्या निवडणुकीत असं ठरलं की ज्या नगरपालिकांमध्ये ४०,५०० पेक्षा जास्त नोंदणीकृत मतदार आहेत तिथे यंत्र आणि बाकी ठिकाणी कागदच. यंत्र म्हणजे टेलिफोनसारखे आकडे, आपल्या उमेदवाराचा नंबर दाबला की पडद्यावर त्याचा फोटो येतो, बरोबर असेल तर हिरवं बटण, चुकलं असेल तर नारिंगी बटण दाबून परत सुरुवात. वाचता येत नसलं तरी चेहरा तर ओळखता येतो ना. हे सगळं आणलं होतं ते मोजणी लवकर व्हावी आणि घोटाळे कमी व्हावेत म्हणून, गरिबांना ताकद द्यायची असा काही त्यामागे बेत नव्हता. पण झालं काय, ४०,५०० च्या जरा खाली असलेली गावं आणि जरा वर असलेली गावं यांची तुलना केली (ही गावं बाकी सगळ्या बाबतीत सारखीच, फक्त मतदारसंख्या रेषेच्या या बाजूला का त्या बाजूला एवढाच फरक), तर यंत्र असलेल्या ठिकाणी बाद मतं इतकी कमी झाली की झालेल्या मतदानाच्या दहा टक्क्यांहून जास्त मतं नव्याने हिशोबात आली. आणि ती बहुतेक कमी शिकलेल्यांची होती.

पुढचं ऐका. ज्या राज्यांमध्ये यंत्राने मतदान करणारा हिस्सा मोठा होता तिथे पुढच्या वर्षांत सरकारचा सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढला, कारण तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरतो तो गरीबच, पैसेवाला खासगीत जातो. कमी शिकलेल्या गरोदर बायकांच्या तपासण्या वाढल्या आणि त्यांना होणाऱ्या बाळांमध्ये कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण घटलं. शिकलेल्या आयांच्या बाबतीत असा काही बदल नाही. म्हणजे राज्यघटना तीच, पक्ष तेच, निवडणुकाही तशाच ठरल्या वेळी, फक्त मत द्यायची पद्धत बदलली आणि जन्मणाऱ्या बाळांच्या वजनात फरक पडला! मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा तक्ते परत परत बघितले होते. आणि 'लोकशाही आहे की नाही' या कॉलममध्ये ब्राझील १९९४ लाही 'आहे' आणि २००२ लाही 'आहे', तिथे हे सगळं अदृश्य.

हे एकदा डोक्यात बसलं की इतिहास वेगळा दिसायला लागतो. स्वीडनला आज सगळे समतेचा देश म्हणून ओळखतात, पण एकोणिसाव्या शतकात तिथल्या स्थानिक निवडणुकांमध्ये मतं उत्पन्न आणि मालमत्तेच्या प्रमाणात मिळायची, आणि १८७१ मध्ये ५४ ग्रामीण पालिका अशा होत्या जिथे एकट्या माणसाकडे निम्म्याहून जास्त मतं होती. एकच माणूस म्हणजेच बहुमत. जर्मनीत प्रशिया या राज्याने १८४९ ते १९१८ पर्यंत मतदारांचे तीन वर्ग केले होते, भरलेल्या कराचे तीन सारखे भाग करायचे आणि प्रत्येक भागाला एक तृतीयांश प्रतिनिधी, त्यामुळे एसेन शहरात काही काळ पोलाद कारखानदार क्रुप हे पहिल्या वर्गातले एकटे मतदार होते आणि नगर परिषदेच्या एक तृतीयांश जागा ते एकटेच ठरवायचे. तेव्हाही निवडणुका होत होत्या, वेळच्या वेळी होत होत्या. स्वीडनमध्ये खरं बदललं ते कामगार संघटना, दारूबंदी चळवळ आणि स्वतंत्र चर्च यांच्यातून लाखो लोक आधी संघटित झाले म्हणून. १९२१ मध्ये बायकांसह सगळ्यांना मत मिळालं तेव्हा ते मत वापरणारं संघटन आधीच तयार होतं. यावर माझं ठाम मत आहे की मत आधी आणि संघटन नंतर अशा क्रमाने ज्या देशांत झालं तिथे मत बराच काळ पोकळ राहिलं.

अमेरिकेतही हेच. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या पुरुषांना घटनेने मत १८७० पासून होतं, पण साक्षरता चाचणी आणि मतदानासाठी भरायचा कर यांनी ते अडवून ठेवलेलं. मिसिसिपी राज्यात १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत मतदानवयाच्या काळ्या लोकांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची नावं यादीत होती, १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. आणि दक्षिणेत ज्या काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) काळ्यांची लोकसंख्या जास्त तिथे साक्षरता चाचणी उठल्यानंतर राज्य सरकारकडून येणारा पैसा वाढला. बायकांच्या मताधिकाराचंही तसंच, १९२० पर्यंत अमेरिकेतल्या एकेका राज्याने तो वेगवेगळ्या वर्षी दिला, त्यामुळे तुलना करता येते, आणि जिथे दिला तिथे वर्षभरात सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढलेला दिसतो आणि बालमृत्यू ८ ते १५ टक्क्यांनी घटलेले दिसतात. ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये मतदान सक्तीचं केलं, १९२२ ला ६० टक्क्यांच्या आत असलेलं मतदान १९२५ ला ९१ टक्क्यांवर गेलं, वाढलेले मतदार बरेचसे कष्टकरी होते आणि मजूर पक्षाची मतं वाढली. मतदान ऐच्छिक असलेल्या बऱ्याच देशांत गरीब श्रीमंतांपेक्षा कमी मतदान करतात, त्यामुळे वरच्या हिशोबातला 'मधला मतदार' हा मधला नागरिक नसतो, तो त्याच्यापेक्षा बराच वर उभा असतो.

आता दुसरी बाजू, मत मोजलं गेलं तरी त्याला हात कशाला लावता येतो.

चिली घ्या. १९८० ची राज्यघटना पिनोशेच्या लष्करी राजवटीत लिहिली गेली आणि १९९० मध्ये लोकशाही परत आली तेव्हा तीच घटना पुढे चालू राहिली. सिनेटमध्ये न निवडलेले, नेमलेले सदस्य होते, ते २००५ च्या दुरुस्तीनंतर गेले. शिक्षणासारख्या विषयांवरचे कायदे बदलायला साधं बहुमत पुरत नव्हतं. आणि निवडणूक पद्धत अशी की प्रत्येक मतदारसंघात दोन जागा, पहिल्या यादीला दुसऱ्या यादीच्या दुप्पट मतं मिळाली तरच दोन्ही जागा तिला, नाहीतर एकेक. म्हणजे ६५ विरुद्ध ३४ असं मतदान झालं तरी निकाल बरोबरीचा. ही पद्धत २०१५ मध्ये रद्द झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सांतियागोच्या मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं आणि लाखो लोक रस्त्यावर आले, त्यांची घोषणाच होती की हे ३० पेसोंचं नाही, ३० वर्षांचं आहे. त्यांना बरोबर कळलं होतं की आपण मतं देत होतो पण ती एका कुंपणाच्या आतच फिरत होती. (त्यानंतर नव्या घटनेचे दोन मसुदे २०२२ आणि २०२३ मध्ये जनमतात नाकारले गेले. कुंपण बसवणं सोपं, काढायचं म्हटलं की काय काढायचं यावर एकमत होत नाही.)

ब्रिटनमध्ये असंच कुंपण होतं, उमरावांचं सभागृह. १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी श्रीमंतांवर आणि जमिनीवर कर लावणारा अर्थसंकल्प आणला, उमरावांनी तो फेटाळला, मग १९१० मध्ये दोनदा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्याने उमरावांचा पैशाच्या विधेयकांवरचा नकाराधिकार काढून घेतला. तिथून पुढचं ब्रिटन वेगळं आहे.

दक्षिण आफ्रिकेबद्दल लोक फार घाईने बोलतात. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्याकांना देशाच्या जेमतेम ७ टक्के जमिनीत कोंडलं, १९३६ नंतर ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास गेली, आणि वेगळं शिक्षण, वेगळी वस्ती, चांगल्या नोकऱ्यांना बंदी हे सगळं वर. १९९४ ची तडजोड शांततेने झाली ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्या तडजोडीत मालमत्तेच्या हक्काला घटनेचं संरक्षण मिळालं. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमिनीचं फेरवाटप करायचं असं लक्ष्य होतं, ते पुढे २०१४ पर्यंत ढकललं आणि तेव्हाही त्याच्या जवळपास पोचले नाहीत. पण मताने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९८ मध्ये मुलांसाठीचं अनुदान सुरू झालं, आज कोट्यवधी लोकांच्या हातात दर महिन्याला सरकारी रक्कम येते आणि त्याने गरिबी खरोखर कमी झाली. गिनी का हलला नाही, तर काळ्या समाजातला एक शिकलेला वर्ग वेगाने वर गेला आणि बाकीच्यांना नोकऱ्याच नाहीत, बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर. गोरे आणि काळे यांच्या सरासरीतलं अंतर थोडं कमी झालं आणि काळ्यांच्या आपापसातलं वाढलं. एकाच आकड्यात हे दोन्ही गिळले जातात.

याच्या उलट जपान, तैवान, दक्षिण कोरिया. या तिघांनी जमिनीचं वाटप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आठ-दहा वर्षांत उरकलं, आणि ते मतांच्या जोरावर नाही. जपानमध्ये अमेरिकन ताब्याच्या काळात, तैवानमध्ये लष्करी कायदा लागू असताना १९४९ ला कुळाने मालकाला द्यायचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला आणि १९५३ ला जमीन कुळांना दिली, कोरियात जमीन बाळगायची कमाल मर्यादा तीन हेक्टर. साम्यवादी उठावाची भीती होती म्हणून झालं. तैवान-कोरियात लोकशाही त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी आली आणि तिला आधीच बऱ्यापैकी समान झालेला समाज मिळाला. म्हणून कोरिया आणि ब्राझील यांची तुलना करून एक लोकशाही यशस्वी आणि एक अयशस्वी म्हणणं मला पटत नाही, दोघींना मिळालेला वारसाच वेगळा होता.

तसंच १९८९ नंतरचं पूर्व युरोप. चेक प्रजासत्ताक आणि रशिया दोघेही साधारण एकाच काळात निवडणुकांकडे आले, दोघांनीही नागरिकांना शेअरसाठीची कूपन वाटून सरकारी कारखाने खासगी केले. चेकांनी पेन्शन आणि बेकारी भत्ता टिकवला, गिनी ०.२५ च्या आसपास राहिला. रशियात पेन्शन आणि पगार महिनोन्महिने थकले, तेल आणि धातूच्या कंपन्या १९९५ मध्ये सरकारला दिलेल्या कर्जाच्या बदल्यात मोजक्या लोकांकडे गेल्या आणि पाच-सहा वर्षांत गिनी ०.३ च्या खालून ०.४ पर्यंत चढला.

करांचं सांगायचं तर तिथे कुंपण दिसत नाही पण असतं. ब्राझीलने १९९६ पासून जवळपास तीन दशकं कंपन्यांच्या डिव्हिडंडवर प्राप्तिकरच घेतला नाही, आणि वस्तूंवरचा कर मात्र गरीब-श्रीमंत दोघांकडून सारखा. निवडून आलेली डावी सरकारंसुद्धा आली आणि गेली. त्याच सरकारांनी २००३ मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी बोल्सा फामिलिया योजना आणली, किमान वेतन वाढवलं आणि गिनी खालीही आणला, पण वरच्या टोकाला हात लागला नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात सर्वात वरच्या टप्प्यावर ९१ टक्के प्राप्तिकर होता, १९८८ ला तो २८ वर आला, निवडणुका त्याच. स्वीडनने वारसा कर २००४ च्या शेवटी काढला, सोशल डेमोक्रॅट सरकार असताना, आणि संपत्ती कर २००७ ला. कारण जवळपास सगळीकडे एकच दिलं गेलं की भांडवल देश सोडून जाईल. एका देशातल्या मतदाराचं मत सीमेपर्यंत चालतं आणि पैसा सीमा ओलांडतो, विसाव्या शतकाच्या मध्यात पैसा असा बाहेर नेणं इतकं सोपं नव्हतं.

आणि मतदाराला आपण रांगेत कुठे आहोत हेच नीट माहीत नसतं. ब्यूनोस आयरेसमध्ये झालेल्या एका पाहणीत लोकांना विचारलं की तुम्ही उत्पन्नात कुठे आहात, तर गरीब स्वतःला होते त्यापेक्षा वर समजत होते. त्यांना खरी जागा सांगितल्यावर गरिबांना मदत वाढवावी असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. याचं कारण आपण तुलना शेजाऱ्याशी आणि नातेवाइकांशी करतो, आणि ते आपल्यासारखेच असतात.

इथपर्यंत सगळं पैशाचं झालं, पण तुमचा शब्द आहे सामाजिक विषमता, आणि ती पैशाच्या पलीकडची असते, जात, वंश, लिंग. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच सांगितलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करतोय आणि ती लवकर दूर केली नाही तर ज्यांना ती भोगावी लागते ते ही राजकीय लोकशाहीच उद्ध्वस्त करतील. इथे मला आशा वाटायला लावणारा पुरावा ७३ व्या घटनादुरुस्तीचा आहे. १९९३ पासून सरपंचपदाच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या आणि कुठलं गाव राखीव हे आळीपाळीने ठरत असल्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची सरळ तुलना करता आली. पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्ये असं दिसलं की बाई सरपंच असलेल्या गावात पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, कारण बायकांच्या तक्रारींत पाण्याच्या तक्रारी जास्त असायच्या. मत बायका-पुरुष दोघांना आधीपासून होतंच, खुर्चीवर कोण बसलंय त्याने नळाचा प्रश्न वर आला.

उलटा प्रश्नही कोणीतरी विचारेलच, विषमता लोकशाहीला मारते का? अलीकडच्या अभ्यासांत उत्पन्नाची विषमता जास्त असलेल्या देशांत निवडून आलेल्या नेत्यानेच संस्था पोखरण्याची शक्यता जास्त दिसते, आणि मला ते पटतं, कारण ज्याला व्यवस्थेतून काही मिळालेलं नाही तो तिचं रक्षण कशाला करेल. पण हंगेरी याच्यात बसत नाही, तिथे गिनी ०.३ च्या आसपास आणि तरी २०१० नंतर न्यायालयं, माध्यमं सगळं आवळलं गेलं. तेव्हा विषमता हा धोका वाढवणारा एक घटक समजा, एकमेव नाही.

तुम्हाला स्वतः डेटा बघायचा असेल तर माझी पद्धत सांगतो. नवीन देशाची फाइल उघडली की मी गिनी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बाद आणि कोऱ्या मतांचा तक्ता, जिल्हावार, आणि शेजारी त्याच जिल्ह्यांची साक्षरता. मग गरीब वस्त्यांतलं आणि श्रीमंत वस्त्यांतलं मतदान. मग घटनेत दुरुस्तीसाठी किती मतं लागतात आणि ती अट कोणी, कोणत्या साली घातली. मग करांपैकी किती खरेदीवर येतो आणि किती उत्पन्न-मालमत्तेवर. एवढं झाल्यावर कर-मदतीच्या आधीचा आणि नंतरचा गिनी काढतो, आणि बहुतेक वेळा दोघांतलं अंतर किती निघणार याचा अंदाज तोपर्यंत आलेला असतो.